हिशेब मागणारी फ्लॉरेन्स

१२ मे हा परिचारिका दिन. त्या दिवशी नर्सिंगच्या मुली पणत्या हातात घेऊन शपथ घेतात आणि हार घातलेल्या तसबिरीतून फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यांच्याकडे पाहत असते. हातात दिवा, चेहऱ्यावर करुणा. शाळेत असताना आपल्यालाही ती अशीच भेटली. पण महिला मंडळाच्या कामाला लागल्यावर, सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या वरचेवर चढायला लागल्यावर मी तिचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं, तर त्यात मला निराळीच बाई दिसली. ते दिवा घेऊन फिरणं जेमतेम पावणेदोन वर्षांचं. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं ही बाई सरकारला तेच तेच विचारत राहिली. माणसं किती मेली, कशानं मेली, त्यांना वाचवायचं काम कोणाकडं होतं आणि त्यासाठीचा पैसा कुठं गेला?

तिचा जन्म १८२० सालचा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. गावाचंच नाव मुलीला ठेवलं. घर इंग्लंडातलं, गडगंज. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला ओढ गणिताची. नर्स व्हायचं म्हणाली तेव्हा घरात रडारड झाली, कारण त्या काळी तिथं नर्स म्हणजे अडाणी, दारू पिणारी बाई अशीच समजूत. आलेलं चांगलं स्थळही तिनं नाकारलं. तिशी उलटल्यावर जर्मनीत कैझर्सवर्थला जाऊन थोडं शिकून आली आणि १८५३ मध्ये लंडनमधल्या आजारी बायकांच्या एका छोट्या संस्थेचा कारभार तिनं हातात घेतला. तिथं तिनं आपण घरी करतो तेच केलं. सामान घाऊक भरलं, जॅम विकत आणायचा बंद करून संस्थेतच करून घेतला आणि दर तीन महिन्यांनी समितीपुढं खर्चाचा कागद मांडला. घर चालवणाऱ्या बाईला सरकारी हिशेबातलं काय कळणार, असं म्हणणारे मला अजून भेटतात. त्यांना मी हा जॅम सांगते.

पुढं क्रिमियाचं युद्ध पेटलं. तुर्कस्तानात स्कुटारीला ब्रिटिश फौजेचं मोठं इस्पितळ होतं, आणि तिथल्या हालांच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रात यायला लागल्यावर लोक खवळले. मंत्री सिडनी हर्बर्ट हा फ्लॉरेन्सच्या ओळखीचा. त्यानं तिला सरकारी खर्चानं पाठवलं. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ बायकांना घेऊन ती तिथं पोचली.

आता इथं जरा थांबू या. कारण तिथं जे चाललं होतं ते सरकारी दवाखान्यात नातेवाईक घेऊन गेलेल्या कुठल्याही बाईला ओळखीचं वाटेल. पैसा मंजूर होता, माल बोटींनी येत होता आणि रुग्णापर्यंत पोचत नव्हता. औषधपाणी एका खात्याकडं, शिधा दुसऱ्याकडं, कपडे-भांडी तिसऱ्याकडं. शर्टांचे गठ्ठे येऊन पडलेले, पण ते उघडायला अधिकाऱ्यांची समिती बसायला हवी, म्हणून सैनिक रक्तानं माखलेल्या कपड्यांतच. चमचा, ताटली सैनिकानं स्वतःच्या पिशवीतून आणायची असा नियम. पिशव्या तर लढाईच्या गडबडीत मागंच राहिलेल्या. तिकडं बालाक्लाव्हाच्या बंदरात लिंबाच्या रसाचा मोठा साठा उतरलेला. सैनिकांच्या हिरड्या सुजून दात पडत होते, त्यावर लिंबू हाच उपाय. पण रोजच्या शिध्याच्या यादीत लिंबाचा रस नाही, म्हणून कितीतरी आठवडे तो वाटलाच नाही! कोणी चोरी केली नव्हती. ज्याला त्याला विचारावं तर तो आपल्या नियमावर बोट ठेवून मोकळा.

फ्लॉरेन्सनं लोकवर्गणीच्या आणि स्वतःच्या पैशातून बाजारहाट केला, धुलाईची सोय केली, चुली घातल्या. तरीही त्या हिवाळ्यात मरणं थांबली नाहीत. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल होणाऱ्या दर शंभरांत ४२ जण दगावले. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छतेचं कमिशन आलं. त्यांनी खणून पाहिलं तर इस्पितळाखालची गटारं तुंबलेली, आणि पाण्याच्या वाटेत चक्क मेलेला घोडा. गटारं साफ झाली, भिंतींना चुना लागला, हवा खेळायला लागली. जूनमध्ये तोच आकडा शंभरात दोनवर आला.

१८५६ मध्ये ती इंग्लंडला परतली ती नाव बदलून, मिरवणूक नको म्हणून. मग विल्यम फार नावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदींच्या जाणकाराबरोबर तिनं आकडे मांडायला घेतले. लढाईतल्या जखमांनी मेलेल्यांपेक्षा रोगानं मेलेले कितीतरी पट निघाले. त्याहून जिव्हारी लागणारं म्हणजे त्या हिवाळ्यात सगळ्यांत जास्त मरणं तिच्याच स्कुटारीच्या इस्पितळात झाली होती. सगळा देश तिला देवी म्हणून डोक्यावर घेत होता. तोंड मिटून बसली असती तर कोणी विचारणारं नव्हतं. तिनं ते आकडे अहवालात मांडले. सरकारसाठी तयार केलेला तो आठशेच्या वर पानांचा अहवाल गोपनीय राहिला, तेव्हा स्वखर्चानं छापून तिनं वजनदार लोकांना वाटला.

चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमायचं कबूल करूनही युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्युअर महिनोन् महिने टाळाटाळ करत होता. तिनं निरोप धाडला की कमिशन नेमलं नाही, तर मी माझे आकडे लोकांपुढं ठेवीन. मे १८५७ मध्ये कमिशन नेमलं गेलं. बाई म्हणून तिला त्यात जागा नव्हती आणि तिची साक्षसुद्धा लेखीच झाली. पण सभासद कोण असावेत इथपासून कोणाला काय विचारायचं इथपर्यंत सगळी जुळवाजुळव तिची. त्यात निघालं की युद्ध नसताना, आपल्याच देशातल्या बराकीत राहणारे धडधाकट तरुण सैनिक त्याच वयाच्या इतर माणसांच्या जवळजवळ दुप्पट मरत होते.

आकड्यांचे रकाने मंत्री वाचत नाहीत हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं एक चित्र काढलं. गोलात बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या; टाळता येण्यासारख्या रोगांची मरणं निळ्या रंगात, जखमांची लाल, बाकीची काळ्या रंगात. निळा रंग लालला गिळून टाकताना लहान पोरालाही दिसावा. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र सोसायटीनं तिला सभासद करून घेतलं. तिथली ती पहिली बाई. लोकांनी तिच्या नावानं सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमवला होता, त्यातून १८६० मध्ये सेंट थॉमस इस्पितळात नर्सिंगची शाळा निघाली. ते काम सर्वांना माहीत आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

क्रिमियातल्या तापानं तिची प्रकृती कायमची ढासळली होती. कित्येक वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, आणि त्या अंथरुणावरूनच तिनं हिंदुस्थानाचा विषय हातात घेतला. इथं ती कधी आली नाही. इथल्या लष्करी ठाण्यांना तिनं छापील प्रश्नावली पाठवली. आलेल्या उत्तरांसह १८६३ मध्ये दोन जाडजूड खंडांत अहवाल निघाला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत होते. दहाएक वर्षांत हा आकडा हजारी १८ वर आला. खरं सांगायचं तर ही सगळी धडपड सुरू झाली ती गोऱ्या सैनिकांसाठी. आपल्या पणज्या-खापरपणज्या कुठलं पाणी पीत होत्या, याची चौकशी त्या कमिशनकडं नव्हती. पण उत्तरं वाचता वाचता फ्लॉरेन्सच्याच ध्यानात आलं की भोवतालचं गाव रोगट ठेवून बराक निरोगी राहत नाही. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर १८६७ मध्ये इंग्लंडला परतल्यावर तिनं त्यांना हाताशी धरलं, आणि लंडनच्या इंडिया ऑफिसात स्वच्छतेच्या कामाची समिती नेमली गेली. कोणत्या प्रांतात काय काम झालं, याचा अहवाल दरवर्षी छापला जाऊ लागला. एकदा अहवाल देऊन सुटका नाही, दरवर्षी द्यायचा. मला तिची ही चिकाटी फार आवडते.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ आपल्या दख्खननं भोगला. त्यावर आणि सावकारी पाशात अडकलेल्या इथल्या रयतेवर तिनं १८७८ मध्ये लंडनच्या मासिकात लेख लिहिला, तेव्हा साहेब मंडळी नाराज झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. दादाभाई नौरोजी पार्लमेंटच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा तिचा त्यांना पाठिंबा होता. आणि वयाच्या सत्तरीत तिनं जो प्रश्न धरला, तो थेट आपल्या गावच्या ओढ्याचा नि विहिरीचा.

झालं असं, की मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा लोकल फंड म्हणून वसूल व्हायचा. त्याचा तिसरा हिस्सा शाळांना, बाकीचा मुख्यतः रस्ते नि बांधकामांना. १८८९ मध्ये गावांच्या स्वच्छतेचा कायदा झाला खरा, पण विहीर साफ करायची, गटार काढायचं तर पैसा कुठून आणायचा? १८९२ मध्ये फ्लॉरेन्सनं भारतमंत्र्यांना निवेदन दिलं. ज्या गावातून ही पट्टी गोळा होते, त्या गावाच्या पाण्याची नि स्वच्छतेची किमान गरज आधी भागवा, उरेल त्यातून रस्ते-पूल बांधा, अशी तिची मागणी. निवेदन लंडनहून कलकत्त्याला, तिथून प्रांतोप्रांती गेलं. हे कागद फिरून त्याचं उत्तर मिळेतो १८९४ उजाडलं, आणि मागणी काही तिला हवी तशी मान्य झाली नाही. त्याच वर्षी बुडापेस्टला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेसाठी तिनं हिंदुस्थानातल्या गावांच्या स्वच्छतेवर निबंध लिहिला.

हे वाचताना मला आमच्या बैठका आठवतात. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावच्या आरोग्य-स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंतचा निधी गावाच्या गरजेप्रमाणं वापरायला मिळू लागला. २००७ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत लोकांनीच दवाखान्यांवर देखरेख ठेवायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर विचारायचं, असं काम सुरू झालं. एका गावात आम्ही वही मागितली. ब्लीचिंग पावडरचा खर्च लिहिलेला, पावडर मात्र कोणी पाहिलेली नाही. अंगठा उठवणारी एक आजी उठली नि म्हणाली, आमच्या आडाला वास आला नाही तो कसा? अधिकाऱ्याला खाली बघावं लागलं. फ्लॉरेन्सला आयुष्यभर जो प्रश्न शेकडो पानं लिहून विचारावा लागला, तो आजीनं एका वाक्यात विचारला. पण आजीसमोर अधिकारी बसलेला होता आणि हातात वही होती, हेही तितकंच खरं. १८९२ च्या रयतेला तेवढंही नव्हतं.

फ्लॉरेन्सच्या स्वभावात गोडवा कमी होता. बरोबरच्यांना ती पिळून काढायची. सिडनी हर्बर्ट आजारी पडला तरी तिनं कामाचा तगादा सोडला नाही, आणि १८६१ मध्ये तो गेला तेव्हा ती कोलमडली. जंतूंचं शास्त्र पुढं आलं तेही तिला पटायला फार वेळ लागला. शेवटच्या वर्षांत दृष्टी गेली, स्मृती गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान एका बाईला पहिल्यांदा मिळाला तो तिला, पण तेव्हा तो काय आहे हे समजण्याच्या पलीकडं ती गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी नव्वदाव्या वर्षी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये थोरामोठ्यांशेजारी जागा देऊ केली होती, पण तिच्या इच्छेनुसार घरच्यांनी नको म्हटलं. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात, घरच्यांच्या थडग्यातच तिला ठेवलं. दगडावर तिचं पूर्ण नाव नाही, एफ. एन. ही अक्षरं आहेत आणि जन्ममृत्यूची सालं.