वणीचे बापूजी अणे आणि दोन देशांच्या कायद्यांत अडकलेले चहामळ्यातले मजूर

यवतमाळ जिल्ह्यात लोकनायक बापूजी अणे हे नाव निघालं की जंगल सत्याग्रह आठवतो. १९३० साली पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी इंग्रजांचा कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. पण याच बापूजींची चार वर्षं सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत गेली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. यवतमाळला त्यांनी वकिली केली आणि टिळकांचे अनुयायी झाले. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. खातं होतं परदेशातल्या भारतीयांचं. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींचं उपोषण सुरू असताना त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत तिथे राहिले.

तिथला प्रश्न काय होता? इंग्रजांनी १९ व्या शतकापासून तमिळ मजुरांना तिथल्या मळ्यांवर नेलं होतं. दोन्हीकडे राज्य इंग्रजांचंच असल्याने हे मजूर नेमके कोणत्या देशाचे, हे ठरवायची तेव्हा घाई नव्हती. पण स्वातंत्र्य जवळ आलं तसा हा प्रश्न तापू लागला. बापूजी तिथे भारतीयांची बाजू मांडू शकत होते, सिलोनचा कायदा ठरवू शकत नव्हते.

स्वतंत्र सिलोनने १९४८ मध्ये नागरिकत्व कायदा केला. तिथे जन्म झाला एवढं पुरेसं नव्हतं. वडील, किंवा आजोबा आणि पणजोबा तिथेच जन्मल्याचं दाखवावं लागे. मजुरांकडे असे कागद कुठून असणार? भारताच्या राज्यघटनेत परदेशातल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी नोंदणीची सोय होती, पण आपोआप नागरिकत्व नव्हतं. त्याच १९४८ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याने प्रत्येकाला नागरिकत्वाचा हक्क दिला. मात्र तो कोणत्या देशाने द्यायचा, हे त्यात नव्हतं.

प्रत्येक कायदा आपापल्या जागी पूर्ण होता. पण ते एकमेकांना जुळत नव्हते, आणि मधल्या फटीत लाखो माणसं बिनदेशाची झाली.

१९६४ मध्ये शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी करार केला. ९ लाख ७५ हजारांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यायचे, ३ लाख सिलोनने, उरलेल्या दीड लाखाचं नंतर बघायचं. कोण कुठे जाणार याचे आकडे सरकारांनी ठरवले, मजुरांना कुणी विचारलं नाही. तेव्हा बापूजी नागपूरचे खासदार होते.

२६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचं निधन झालं. श्रीलंकेत उरलेल्या बिनदेशी मजुरांना नागरिकत्व देणारा कायदा त्यानंतर ३५ वर्षांनी, २००३ मध्ये आला.