मुक्या प्रजेचा राजा

इ. स. १८९६ साली पावसाने आरंभी बरी साथ दिली. परंतु पिके दाण्यावर येण्याच्या ऐन वेळी तो एकाएकी नाहीसा झाला. दख्खनच्या पठारावर दुष्काळ पडला. कोल्हापूर संस्थानही त्यातून सुटले नाही. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या भुदरगड व पन्हाळा या भागांत पाऊस भरपूर पडतो. पण जसजसे पूर्वेकडे जावे तसतसा तो कमी होत जातो. त्यामुळे शिरोळ, गडहिंग्लज यांसारख्या भागांतील शेतकऱ्यांची अवस्था लवकरच बिकट झाली.

या वेळी कोल्हापूरच्या गादीवर बावीस वर्षांचा तरुण राजा होता. २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव या नावाने त्यांचा जन्म झाला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या राजघराण्यात दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. घोड्यावर मांड ठोकावी, आखाड्यात उतरावे, हत्तीच्या पिलखान्यात व घोड्यांच्या पागेत तासन् तास रमावे, असा त्यांचा स्वभाव होता. जनावर पाहताच त्याची प्रकृती त्यांना समजत असे.

दुष्काळ पडला की राज्यकर्त्यांचे लक्ष प्रथम माणसांच्या अन्नाकडे जाते, व ते योग्यच आहे. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, गरजूंना रस्ते व तलाव यांची कामे दिली, निराधारांसाठी आश्रम काढले, शेतकऱ्यांना तगाई दिली. कामावर येणाऱ्या आयांची तान्ही मुले सांभाळण्याचीही त्यांनी व्यवस्था केली. परंतु गावोगाव फिरताना त्यांना आणखी एक संकट दिसत होते. माणसापूर्वी गोठ्यातील बैल उपाशी पडत होता.

बैल गेला म्हणजे केवढे नुकसान होते, हे शेतकऱ्यावाचून इतरांना सहसा कळत नाही. एका वर्षी पीक बुडाले तर पुढच्या वर्षी नवे पेरता येते. पण औतच चालले नाही तर कितीही पाऊस पडो, शेत पडीकच राहणार. दुष्काळात वैरण संपली की शेतकरी पोटच्या पोरासारखा वाढवलेला बैल मिळेल त्या किमतीस विकतो. पुढे पाऊस पडला की बैलांचे भाव चढतात आणि तोच शेतकरी सावकाराच्या दारी उभा राहतो. शिवाय धान्य लांबून आणणे फारसे अवघड नव्हते. १८९१ पासून कोल्हापूरला आगगाडी येत होती. वैरणीची गोष्ट निराळी. कडबा व गवत यांचा पसारा मोठा आणि किंमत थोडी. ते दूरवरून वाहून आणणे गरिबाला कसे परवडावे?

रोगांची भीती तर सदाचीच होती. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या अशा साथी आल्या की गोठेच्या गोठे ओस पडत. मुंबईस परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले होते. पण तेथील विद्या खेड्यातील गोठ्यापर्यंत पोहोचण्यास अजून पुष्कळ अवकाश होता. खेड्यात झाडपाल्याचे औषध द्यावे, डाग द्यावा आणि देवाला नवस बोलावा, एवढेच उपाय होते. उपासाने खंगलेले जनावर अशा साथीत प्रथम बळी पडणार, हे उघड होते. तेव्हा त्याला हवे असलेले पहिले औषध म्हणजे चारा आणि पाणी.

महाराजांनी संस्थानची राखीव जंगले गुरांच्या चराईसाठी मोकळी केली. जंगल हे संस्थानच्या उत्पन्नाचे साधन होते. त्यावर पाणी सोडण्यास मन मोठे लागते. ज्यांना घरी जनावर पोसणे अशक्य झाले होते, त्यांच्यासाठी सरकारी खर्चाने जनावरांच्या छावण्या उघडण्यात आल्या. माणसांसाठी दुष्काळी कामे काढणारे राज्यकर्ते त्या काळी इतरत्रही होते. गरिबाच्या गुरांची अशी काळजी वाहणारे मात्र विरळा. हे संकट सरते न सरते तोच प्लेगची साथ आली आणि १८९९ साली पुन्हा दुष्काळ पडला.

महाराजांच्या प्राणिप्रेमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते शिकारीचे मोठे शौकीन होते. शिकारीसाठी त्यांनी चित्ते पाळले होते व हत्तींच्या साठमारीचा खेळही त्यांना प्रिय होता. त्या काळच्या राजेलोकांत हे भूषण मानले जाई. आजच्या वाचकाला ते तसे वाटणार नाही. पण याच छंदातून त्यांनी एक वेगळे काम साधले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील माणसांना त्यांनी हत्तीचे माहूत नेमले. ज्याची सावली टाळली जाई, तो माणूस हत्तीवर बसून राजधानीच्या रस्त्यांतून जाऊ लागला. रानातील जनावरांची नस ओळखणारे फासेपारधी गुन्हेगार म्हणून हिणवले जात. त्यांनाही महाराजांनी आश्रय व काम दिले.

पाण्याचा प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नाही. पश्चिमेकडे धो धो पडणारा पाऊस अडवावा, म्हणजे उन्हाळ्यातही नदीला पाणी राहील, या विचाराने त्यांनी भोगावती नदीवर राधानगरी येथे मोठे धरण बांधावयास घेतले. पैशाअभावी ते काम मध्येच थांबले. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. स्वातंत्र्यानंतर ते धरण पुरे झाले. त्याच परिसरातील दाजीपूरच्या रानात कोल्हापूरचे राजे शिकारीस जात असत. १९५८ मध्ये ते रान गव्यांसाठी अभयारण्य म्हणून राखण्यात आले.