चित्रकार राजा रविवर्मा

लैला-मजनू आणि शिरीं-फरहाद यांच्या कथा तुम्ही ऐकल्या आहेत. शकुंतलेची कथाही तशीच विरहाची आहे. विरह म्हणजे तुमच्या उर्दूतील 'जुदाई'. दुष्यंत राजा वनात शकुंतलेशी लग्न करतो, खूण म्हणून अंगठी देतो आणि राजधानीला निघून जातो. एका ऋषीच्या शापामुळे तो तिला विसरतो. अंगठी पाण्यात पडते. शकुंतला दरबारात येते, तेव्हा राजा तिला ओळखतच नाही. शेवटी दोघांची भेट होते, पण फार दुःख सोसल्यावर.

महाकवी कालिदासाने या कथेवर संस्कृत नाटक लिहिले. १८०१ साली काझिम अली जवान यांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ती कथा उर्दूत आणली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात तिचे मराठी संगीत नाटक केले. या शकुंतलेला तैलरंगांत ज्यांनी उभे केले, त्या रविवर्मांची ही हकिकत आहे.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळातील किळिमानूर येथे झाला. त्यांचे मामा स्वतः चित्रे काढत. भाच्याचा हात पाहून त्यांनी त्याला चौदाव्या वर्षी त्रावणकोरच्या महाराजांकडे तिरुवनंतपुरमला नेले.

त्या काळी तैलरंग आपल्याकडे नवे होते. तेलात कालवलेला रंग लवकर वाळत नाही. म्हणून एका रंगात दुसरा हळूहळू मिसळता येतो. रेशमाची चमक, डोळ्यांतले पाणी अगदी खरे वाटते. दरबारातील रामस्वामी नायकर यांना ही विद्या येत होती, पण त्यांनी या मुलाला शिकवण्याचे नाकारले. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार दरबारात आले. त्यांनीही धडे दिले नाहीत. आपण काम करताना फक्त बघू दिले. रविवर्मा बघत राहिले. मग एकटे बसून रंग कालवायचे, चुकायचे, पुन्हा कालवायचे! पुढे त्यांना देशोदेशीची पदके मिळाली, पण मला त्यांचे हे बघणे त्या पदकांहून मोठे वाटते.

१८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळाले. १८७६ साली त्यांनी मद्रासच्या प्रदर्शनात शकुंतलेचे चित्र ठेवले. त्यात ती गवतावर पडून कमळाच्या पानावर दुष्यंताला पत्र लिहीत आहे. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी ते विकत घेतले. त्यांचे दुसरे एक चित्र तुम्ही पाहिलेही असेल. पायात काटा रुतल्याचे निमित्त करून शकुंतला थांबते आणि मागे वळून पाहते. चित्रात दुष्यंत कोठेच नाही. तो कोठे उभा असेल, हे तिच्या नजरेवरून आपणच ओळखायचे.

पण अशी चित्रे राजवाड्यांत राहत. सामान्य माणसाला ती कशी दिसणार? तंजावरच्या मराठी घराण्यातील सर टी. माधवराव यांनी रविवर्मांना चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला दिला. १८९४ साली रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजराज वर्मा यांनी मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला. तुम्ही भाईंदरहून दादरला उतरून गाडी बदलता आणि जेथे जाता, तेच हे घाटकोपर. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आले. चित्र दगडावर उतरवत. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. तोच कागद एकेका दगडावर दाबत गेले की चित्र पुरे होई. पहिले चित्र निघाले तेही शकुंतलेच्या जन्माचे.

अशा चित्रांनी लोकांची आवड बिघडते, असे काही टीकाकार म्हणू लागले. लोकांनी मात्र ती घरोघरी लावली. तरीही छापखान्याला तोटा आला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, पण कर्ज फिटेना. शेवटी रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन कारागिराला विकला. १९०५ साली राजराज वर्मा वारले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०६ रोजी, किळिमानूरला रविवर्मांचे निधन झाले.

मळवलीचा तो छापखाना १९७२ साली आगीत जळाला. कागदावरची शकुंतला मात्र त्याआधीच लोकांच्या भिंतींवर जाऊन बसली होती.