सर आयझाक न्यूटन

इंग्लंड देशांतील लिंकनशायर परगण्यांत वूल्सथॉर्प नांवाचें एक खेडें आहे. तेथें इ. स. १६४२ सालीं, त्या काळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें नाताळच्या दिवशीं, आयझाक न्यूटनचा जन्म झाला. बाप शेतकरी, तो सुमारें तीन महिने आधींच वारला होता. मूल अपुऱ्या दिवसांचें व फार अशक्त होतें. तें तीन वर्षांचें झालें तों आईनें एका वृद्ध पाळकाशीं पुनर्विवाह केला, आणि मुलास आजीपाशीं ठेवून ती गेली. हें दुःख त्याच्या मनांत खोल रुतलें. एकोणिसाव्या वर्षीं त्यानें आपल्या पापांची यादी लिहिली, तींत आईस व सावत्र बापास घरासकट जाळण्याची धमकी दिल्याचें नमूद आहे.

सावत्र बाप वारल्यावर आई परत आली. पुढें तिनें मुलास ग्रँथमच्या शाळेंतून काढून शेतीस लाविलें. परंतु त्याचें चित्त पुस्तकांत असे, आणि मेंढरें दुसऱ्याच्या रानांत शिरत. तेव्हां त्याचा मामा व शाळेचे मुख्य गुरुजी यांनीं आईची समजूत घातली. इ. स. १६६१ त तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला, तोहि इतरांची चाकरी करून शिकणारा विद्यार्थी म्हणून.

इ. स. १६६५ त महामारीमुळें विद्यापीठ बंद पडलें व न्यूटन गांवीं आले. तेथें बागेंत सफरचंद पडतांना पाहून त्यांच्या मनांत आलें कीं, पृथ्वीची ही ओढ चंद्रापर्यंत पोहोंचत असेल काय? चंद्राची मूळ गति सरळ रेषेंत असून पृथ्वीची ओढ त्यास सतत वळविते, असें पुढें त्यांनीं सिद्ध केलें. हॅली नामक ज्योतिषाच्या आग्रहावरून व त्याच्याच खर्चानें त्यांचा ‘प्रिन्सिपिया’ हा लॅटिन ग्रंथ इ. स. १६८७ त छापला गेला.

त्यांत गतीचे तीन नियम आहेत. पहिला: बाहेरचें बल लागल्यावांचून स्थिर वस्तु हलत नाहीं, व चालती वस्तु थांबत किंवा वळत नाहीं. धांवती बैलगाडी एकाएकीं थांबली कीं आंतील मनुष्य पुढें झुकतो, तें यामुळेंच. दुसरा: वस्तूचें द्रव्य व वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात, जसें बल, तसा त्याच दिशेस संवेग बदलतो. म्हणून भरलेली गाडी चालविण्यास अधिक जोर लागतो, आणि थांबविण्यासहि. तिसरा: प्रत्येक क्रियेस तितकीच उलट प्रतिक्रिया असते. येथें कोणी विचारील कीं, बैल गाडीस ओढतो तितकेंच गाडी बैलास मागें ओढते, तर ती चालते कशी? वाचकहो, हीं दोन बलें एकाच वस्तूवर नाहींत. बैल खुरांनीं जमीन मागें रेटतो, म्हणून जमीन त्यास पुढें रेटते. हा रेटा गाडीच्या ओढीहून अधिक झाला कीं बैल पुढें निघतो. आणि बैलाची ओढ चाकांच्या अडथळ्याहून अधिक झाली कीं गाडी त्यामागें चालूं लागते.

न्यूटन यांस मोठा मान मिळाला. ते इ. स. १७०३ त रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले, आणि १७०५ त त्यांस सर ही पदवी मिळाली. परंतु मनांतील जुना राग गेला नाहीं. जर्मन पंडित लाइब्निट्स यांच्याशीं कलनशास्त्राच्या शोधाविषयीं वाद झाला, तेव्हां सोसायटीनें चौकशीमंडळ नेमिलें. त्याचा निकाल न्यूटन यांनीं स्वतःच गुप्तपणें लिहिला. दोघांनींहि तो शोध आपापल्या बुद्धीनें लाविला होता, असें आज विद्वान मानितात. इ. स. १७२७ त न्यूटन वारले, व वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांस पुरलें.

इतका थोर मनुष्यहि दोषांवांचून नव्हता, हें लपवूं नये. तथापि त्या मामानें व गुरुजींनीं रदबदली केली नसती, तर हा पोरका मुलगा मेंढरांमागेंच राहिला असता. आपल्या गांवीं कोणी मूल गुरांसाठीं शाळेंतून काढलें जात असेल, तर त्याच्या आईबापांकडे एकदां जाऊन बोलावें.