सहा टिंबांचा शिक्षक

अंध मुलांना वाचावयास शिकविता येते, हे पॅरिसमध्ये व्हालांतँ आयुई यांनी १७८४ पासून प्रत्यक्ष शाळा चालवून दाखविले. अंधांच्या वाट्याला बहुधा भिक्षापात्रच येत असे, असा तो काळ. आयुई यांचे हे ऋण मोठे आहे. परंतु त्यांनी तयार केलेली पुस्तके डोळसांच्या रोमन अक्षरांचीच होती. ओला कागद ठशांवर दाबून ती अक्षरे उठविली जात. पाहणाऱ्यास ती सुबक दिसत. बोटाला मात्र प्रत्येक वळण चाचपावे लागे, आणि वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विस्मरणात जाई. ग्रंथ अवजड व खर्चिक, म्हणून मोजकेच. शिवाय या रीतीने विद्यार्थ्याने स्वतः काही लिहिणे अत्यंत दुष्कर होते.

अशा अर्ध्यामुर्ध्या साक्षरतेच्या या शाळेत १८१९ साली दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. पॅरिसच्या पूर्वेस कूव्रे नावाचे गाव आहे. तेथील एका जीनगराच्या घरी ४ जानेवारी १८०९ रोजी त्याचा जन्म झाला. तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यात खेळता खेळता कातडे टोचण्याचे हत्यार त्याच्या एका डोळ्यात शिरले. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यातही दोष उतरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. सुदैवाने गावच्या धर्मगुरूने व शाळामास्तरांनी त्याला इतर मुलांबरोबर वर्गात बसविले. ऐकून शिकणाऱ्यांत तो पुढे असे. पुस्तके उघडली जात तेव्हा मात्र त्याच्यापुढे काहीच नसे.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची लेखनपद्धती पॅरिसच्या शाळेत आली. टिंबांचे दोन उभे स्तंभ, प्रत्येकात सहापर्यंत टिंबे, आणि त्यांच्या संख्येवरून फ्रेंचमधील छत्तीस ध्वनींपैकी एक ओळखावयाचा, अशी ती योजना. बोटाला रेषेपेक्षा टिंब लवकर कळते, हा बार्बिए यांचा शोध मोलाचा होता. पण एक चिन्ह ओळखण्यास बोट वरखाली फिरवावे लागे. त्याहून मोठी उणीव अशी, की तीत उच्चार होते, शुद्धलेखन नव्हते, विरामचिन्हे नव्हती. अंधाला एवढे पुरे, अशी त्यामागची समजूत असावी. ती समजूत अद्याप मेलेली नाही. ध्वनिमुद्रित पुस्तके आणि बोलणारा संगणक आल्यापासून ब्रेल शिकविण्याचा खटाटोप कशाला, असे विचारणारे भेटतातच. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला शब्दाची ऱ्हस्वदीर्घता कोठून कळणार, याचा ते विचार करीत नाहीत.

लुईने केला. पंधराव्या वर्षापर्यंत, म्हणजे १८२४ मध्ये, त्याची योजना बव्हंशी सिद्ध झाली होती. बारा टिंबांची त्याने सहा केली, कारण सहा टिंबे बोटाच्या अग्राखाली एकाच वेळी मावतात. त्यांच्या त्रेसष्ट रचना होतात. पहिली दहा अक्षरे वरच्या चार टिंबांत बसविली; पुढील दहांसाठी त्याच रचनांना डावीकडील खालचे टिंब जोडले; उरलेल्यांसाठी खालची दोन्ही. शिकणाऱ्यास दहा आकृती पक्क्या झाल्या की पुढचे काम निम्म्याने हलके होते. मुळाक्षरांची ही मांडणी शिक्षकाच्या बुद्धीची आहे आणि ती एका विद्यार्थ्याने केली. लिहिण्यासाठी खाचांची पाटी व टोचणी पुरे. टोचताना उजवीकडून डावीकडे जायचे आणि कागद उलटून वाचायचे.

१८२९ मध्ये या पद्धतीचे पुस्तक निघाले, तेही आयुई यांच्याच उठावाच्या अक्षरांत! बार्बिए यांचे ऋण ब्रेल यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले. १८३७ च्या आवृत्तीत आधीच्या आडव्या रेघा गाळून केवळ टिंबेच ठेवली. दरम्यान १८३३ मध्ये ब्रेल त्याच संस्थेत पूर्णवेळ शिक्षक झाले होते. व्याकरण, भूगोल, गणित शिकवीत आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. दमट इमारतीतल्या वास्तव्यात क्षयाने त्यांना गाठले.

१८४० मध्ये संस्थेचे प्रमुख बदलले. नवे प्रमुख दुफो यांनी उठावाच्या अक्षरांची नवी धाटणी आणली आणि टिंबलेखन वर्गातून हद्दपार केले. निराळ्या लिपीने अंध समाजापासून तुटतील, हा अशा विरोधकांचा मुख्य आक्षेप. तो दिसतो उदात्त. शिक्षकांनाही नवी लिपी शिकावी लागेल, ही अडचण सहसा उघड बोलली जात नाही. वास्तविक ब्रेल यांनी १८३९ मध्येच टिंबांनी साध्या रोमन अक्षरांचा आकार उमटविण्याची युक्ती प्रसिद्ध करून त्या आक्षेपाला उत्तर दिले होते. अंध मुलगा घरी पत्र लिहू शकत होता आणि आईला ते वाचता येत होते. मुलांनी बंदी मानली नाही. जे टोकदार हाती लागे त्याने ती टोचीत राहिली, असे सांगतात. साहाय्यक प्रमुख ग्वादे यांनी त्यांची बाजू घेतली आणि दुफो यांचे मन वळविले. फेब्रुवारी १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. मत बदलण्याचा मोठेपणा दुफो यांच्याजवळ होता, हेही नमूद केले पाहिजे.

६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ब्रेल निवर्तले. फ्रान्सने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये.

भारतात अंधांच्या शाळांतून निरनिराळ्या ब्रेल पद्धती प्रदीर्घ काळ चालू होत्या. १९५१ मध्ये सर्व भाषांसाठी एक भारती ब्रेल निश्चित झाली. तीत मराठीतील क, ब, म, ल यांची चिन्हे रोमनमधील के, बी, एम, एल यांचीच आहेत. ऱ्हस्व इकार मात्र देवनागरीप्रमाणे व्यंजनाच्या आधी येत नाही. तो उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर टोचला जातो. पहिलीच्या वर्गात डोळस मुलाला बुचकळ्यात टाकणारी ती पहिली वेलांटी अंध मुलाला बोटाखाली तिच्या जागीच सापडते.