इतरांसाठी पदर पसरणारी पंडिता

दुसऱ्यासाठी रदबदली करणे हा पंडिता रमाबाईंच्या आयुष्याचा स्थायीभाव होता. ही रदबदली त्यांनी कधी सरकारदरबारी केली, कधी परदेशातील सभांतून केली आणि उत्तरायुष्यात मुख्यतः ईश्वरापुढे केली.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता पत्नीला संस्कृत शिकविले. आईने ती विद्या लेकीला दिली. पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे हिंडणाऱ्या या कुटुंबाने व्रते, अनुष्ठाने आणि दानधर्मात होते नव्हते ते खर्चिले. तरीही १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अन्नान्न करीत गेली. भुकेची ही ओळख रमाबाई कधीच विसरल्या नाहीत.

१८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८२ मध्ये वैधव्य आले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. ज्यांना बोलण्याची मुभा नव्हती, त्यांचे गाऱ्हाणे एक स्त्री मांडत होती.

१८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत निधी जमवून १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदासदन’ काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना कोठे संपते आणि त्याला आपल्या मार्गावर ओढणे कोठे सुरू होते, हा टीकाकारांचा प्रश्न गैरलागू नव्हता. प्रार्थना लपवून करणे मात्र रमाबाईंना मान्य नव्हते.

याच रमाबाईंनी १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयांत स्त्रियांची होणारी आबाळ वृत्तपत्रातून उघड केली. तो प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचला. स्वधर्मीय राज्यकर्त्यांनाही त्यांनी सूट दिली नाही. त्याच सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त भागात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना आणले. केडगावला ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी दररोज एकत्र येऊन इतरांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. प्रारंभी सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. यांतील कित्येकींना समाजाने अपशकुनी ठरविले होते. ज्यांच्यासाठी कोणी हात जोडले नव्हते, त्याच आता अनोळखी माणसांचे भले मागत होत्या. दयेवर जगणाऱ्या स्त्रीला ‘आपल्याकडेही देण्यासारखे काही आहे’ ही जाणीव देणे, हा या प्रार्थनेचा एक मोठा अर्थ होता.

मात्र केडगावात प्रार्थनेने कामाची जागा घेतली नाही. शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठीचे शिक्षण हे सारे सोबतीने चालले. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबल सोप्या मराठीत आणले. १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला. काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनीही केडगाव येथे देह ठेवला. दुष्काळात स्वतःच्या माणसांना त्या वाचवू शकल्या नव्हत्या. पुढे मात्र हजारो परक्यांना त्यांनी आपले मानले.