दह्यात आयुष्य शोधणारे प्राध्यापक मेचनिकॉफ

मुंबईत वाढलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी परळची हाफकिन इन्स्टिट्यूट शाळेच्या सहलीत पाहिली असेल. तेथे सापाचे विष काढताना पाहून आम्ही मुले इतकी दंग होत असू की, हे हाफकिन कोण, हे विचारण्याचे भान कोणालाच राहत नसे. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि मुलांना त्यांची हकीकत सांगू लागले. हाफकिनसाहेब ज्यू होते, हे सांगताना माझा आवाज थोडा चढत असे, हे कबूल केले पाहिजे. पण त्यांचे गुरू कोण होते, हे मलाही फार उशिरा कळले. त्या गुरूंचीच ही हकीकत आहे.

एली मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली खारकॉव्हजवळच्या एका खेड्यात झाला. तो मुलूख तेव्हा रशियात होता, आज युक्रेनमध्ये आहे. वडील झारच्या सैन्यातले अधिकारी. आई एमिलिया ही लेव नेवाखोविच या ज्यू लेखकाची मुलगी. या नेवाखोविचांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, त्यामुळे घरात शाब्बाथ नव्हता की पेसाह नव्हता. मेचनिकॉफ स्वतः तर कोणताच धर्म मानीत नसत. तरीपण विज्ञानाची ओढ आपल्याला आईच्या घराण्याकडून आली, असे ते म्हणत. मुलाला डॉक्टर व्हायचे होते, पण तो फार हळवा आहे, त्याला दुसऱ्याचे दुःख पाहवणार नाही, असे म्हणून आईने त्याला त्या वाटेवरून परतवले आणि प्राणिशास्त्राकडे वळवले. वैद्यकातले नोबेल पारितोषिक पुढे याच मुलाला मिळाले!

बुद्धी असामान्य होती. खारकॉव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत पुरा केला आणि २५ व्या वर्षी ते ओडेसाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. पण आईने ओळखलेला हळवेपणा त्यांना सुखाने बसू देईना. पहिली पत्नी लुदमिला क्षयाने इतकी खंगलेली होती की, १८६९ साली लग्नाच्या वेळी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. हवापालटासाठी तिला गावोगाव नेले, पण १८७३ साली मदेरा बेटावर ती वारली. त्या दुःखात मेचनिकॉफनी विष घेतले, पण ते वाचले. दोन वर्षांनी त्यांनी ओल्गा या तरुण मुलीशी लग्न केले. ओल्गाला विषमज्वर झाला आणि ती त्यातून उठली, तोवर त्यांचे मन पुन्हा खचले होते. १८८१ साली त्यांनी एका तापाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्याही वेळी ते मरणाच्या दारातून परत आले. त्याच वर्षी त्यांचा थोरला भाऊ इव्हान पंचेचाळिशीतच वारला. टॉलस्टॉय यांची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही कथा आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. ती या भावाच्या मृत्यूवरून सुचलेली आहे.

माणसाने शंभर वर्षे, त्याहूनही अधिक जगावे, आणि मरणाची भीती त्याच्या मनातून जावी, यासाठी उत्तरायुष्य वेचणारा माणूस असा दोनदा स्वतःच मरायला निघाला होता. हे ठाऊक असले म्हणजे त्यांच्या दह्याच्या नादाचे हसू येत नाही.

नशीब फिरले ते सिसिली बेटावर, मेसिना गावी. १८८१ साली झारचा खून झाल्यावर रशियातल्या विद्यापीठांचे वातावरण बिघडले, आणि मेचनिकॉफ राजीनामा देऊन समुद्रकाठी येऊन राहिले. १८८२ च्या डिसेंबरात एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली होती. हे एकटेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तारामाशाची पारदर्शक पिल्ले पाहत बसले होते. त्यांच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी पाहता पाहता त्यांच्या मनात आले की, बाहेरून काही घुसले तर या पेशी त्यावर धावून जात असतील काय? बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्यांनी पिल्लांत टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हा शोध येथून निघाला. यावर जर्मन पंडितांशी त्यांचा वर्षानुवर्षे वाद चालला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मात्र त्यांना आणि विरुद्ध बाजूच्या पॉल एर्लिख यांना मिळून दिले गेले. दोघांचेही खरे होते.

१८८८ साली मेचनिकॉफ पॅरिसला पाश्चर यांच्याकडे गेले आणि अखेरपर्यंत त्यांच्याच संस्थेत राहिले. त्यांच्या प्रयोगशाळेत ओडेसाकडून येणाऱ्या तरुणांची रीघ लागली. त्यात ज्यू तरुण बरेच होते, कारण रशियात धर्म बदलल्याशिवाय त्यांना वरची जागा मिळत नसे. अलेक्झांडर बेस्रेदका आले. आपले हाफकिनसाहेबही त्यांतलेच. ओडेसात ज्यूंच्या घरांवर हल्ले झाले तेव्हा हा विद्यार्थी संरक्षणासाठी उभा राहिला, जखमी झाला आणि पकडला गेला. मेचनिकॉफनी शब्द टाकून त्याला सोडवले. पॅरिसमध्ये दुसरी जागा नव्हती, म्हणून १८८९ साली तो संस्थेच्या ग्रंथालयात कामाला लागला आणि तेथूनच प्रयोगशाळेत शिरला. पुढचे आपल्याला माहीत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या तापाची साथ उठली ती मांडवीत, जेथे आपली शार हारहमीम मशीद आणि आपल्या लोकांची वस्ती होती. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली.

जीव धोक्यात घालण्याचा हा धडा गुरूंनीच दिला होता. १८९२ साली फ्रान्समध्ये कॉलरा पसरला तेव्हा मेचनिकॉफनी कॉलऱ्याचे जंतू स्वतः पिऊन पाहिले. काही झाले नाही. आणखी एका स्वयंसेवकालाही काही झाले नाही. पण दुसरा एक तरुण मरता मरता वाचला. तेच जंतू पिऊन एकाला काहीच होत नाही आणि एक मरणाला टेकतो, असे का? काचेच्या बशीत जंतू वाढवून पाहिल्यावर त्यांना दिसले की, काही जंतूंच्या शेजारी कॉलऱ्याचा जंतू फोफावतो, तर काहींच्या शेजारी वाढूच शकत नाही. म्हणजे पोटात आधीपासून कोणाची वस्ती आहे, त्यावर पुढचे ठरत असावे. आज जगभर आतड्यातील जंतूंवर जे संशोधन चालले आहे त्याचे बीज येथे आहे, असे मला वाटते.

यानंतर त्यांची नजर मोठ्या आतड्यावर खिळली. म्हातारपण हा एक रोग आहे आणि त्याचे मूळ मोठ्या आतड्यात कुजणाऱ्या अन्नात आहे, असे त्यांचे मत बनले. कुजवणारे जंतू विष तयार करतात, ते रक्तात भिनते, आणि माणूस अकाली झिजतो. पोपटासारख्या पक्ष्यांचे मोठे आतडे आखूड, म्हणून ते दीर्घकाळ जगतात, असा दाखला ते देत. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या आतड्यात जंतू अगदी थोडे असतात, हेही त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तपासून पाहिले.

मग यावर उपाय काय? दूध नासते, पण दही नासत नाही, हे आपल्याकडची कोणतीही गृहिणी सांगेल. दह्यातले जंतू आम्ल तयार करतात आणि त्यात कुजवणाऱ्या जंतूंचे काही चालत नाही. बल्गेरियातले शेतकरी दही खातात आणि तेथे फार वृद्ध माणसे पुष्कळ आढळतात, असे त्यांच्या वाचनात आले होते. १९०४ साली त्यांनी पॅरिसमध्ये म्हातारपणावर व्याख्यान दिले आणि दह्याचा उल्लेख केला. झाले! वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले, लोक दह्याच्या मागे लागले आणि औषधांच्या दुकानांत दह्याच्या जंतूंच्या गोळ्या विकू लागल्या. पुढच्याच वर्षी जिनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरॉव्ह या बल्गेरियन तरुणाने त्या दह्यातला जंतू वेगळा काढून दाखवला. पुढे सालोनिकाचे एक ज्यू व्यापारी, इसाक करासो, यांनी १९१९ साली बार्सिलोनात दही तयार करून औषधांच्या दुकानांतून विकायला सुरुवात केली. मुलगा दानियल याच्या लाडक्या नावावरून त्यांनी मालाला दॅनोन नाव दिले.

मेचनिकॉफ स्वतः रोज आंबवलेले दूध पीत आणि कच्चे काही खात नसत. फळसुद्धा शिजवून. मांसाने आतड्यात कुजण्याची क्रिया वाढते, असे ते मानीत. आपल्या घरी मटणाच्या जेवणावर कधी दही-ताक आले नाही, आणि रस्सा नारळाच्या दुधातच झाला. त्याचे कारण निराळे आहे, त्यात ओढूनताणून विज्ञान शोधू नये.

आता त्यांच्या चुका. एक शिक्षिका म्हणून सांगते, पेपर तपासताना प्रश्नाला वेगळे आणि उत्तराला वेगळे गुण असते, तर मेचनिकॉफना प्रश्नाचे पैकीच्या पैकी दिले असते. मोठे आतडे निरुपयोगी आहे, हे त्यांचे मत साफ चुकीचे ठरले. तेथले जंतू भाजीपाल्याचा चोथा आंबवून त्यातून आपल्या शरीराला उपयोगी अशी आम्ले तयार करतात. म्हणजे कच्च्या भाज्या टाळून हा माणूस आपल्याच चांगल्या जंतूंना उपाशी ठेवीत होता! बल्गेरियन जंतू आपल्या आतड्यात घर करून राहत नाही, हे अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९२१ साली दाखवले. या मताचा वाईट परिणामही झाला. लंडनमध्ये आर्बथनॉट लेन हे नावाजलेले सर्जन बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी कापून काढू लागले आणि त्यांतले काही रोगी दगावले. मेचनिकॉफनी स्वतः आहाराचाच मार्ग धरला होता, हे खरे. पण मोठ्या माणसाचे चुकीचे मत कोणाच्या हातात जाईल, हे त्याच्या हातात नसते.

प्रश्न मात्र टिकला. जंतूंशिवाय प्राणी जगेल काय, हे पाहण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत बरेच कष्ट घेतले गेले. ओल्गाबाईंनी निर्जंतुक पाण्यात बेडकाची पिल्ले वाढवली, ती खुरटली. उलट मिशेल कोहेंदी यांनी १९१२ साली कोंबडीची पिल्ले बंद काचेच्या पेटीत जंतूंशिवाय जगवून दाखवली. नवऱ्याच्या मताविरुद्ध जाणारा प्रयोग बायकोने करावा आणि तो छापलाही जावा, हे मला त्या प्रयोगशाळेचे भूषण वाटते. अशाच निर्जंतुक उंदरांवर अमेरिकेत सेंट लुईस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या चमूने २००४ साली प्रयोग केला. उंदरांच्या पोटात साध्या उंदरांचे जंतू सोडताच दोन आठवड्यांत त्यांच्या अंगातली चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, तीही ते पूर्वीपेक्षा कमी खात असताना. आणि इथे आपल्या रेहोवोतला, वाइझमन संस्थेत, एरान सेगल आणि एरान एलिनाव यांच्या चमूने २०१५ साली ८०० माणसांची रक्तातली साखर आठवडाभर मोजली. तोच पदार्थ खाऊन एकाची साखर चढते आणि दुसऱ्याची चढत नाही, असे दिसले. यात पोटातल्या जंतूंचाही हात असतो. आपल्यापैकी कितीतरी घरांत साखर मोजायचे यंत्र फ्रीजवर ठेवलेले असते, त्यांना हे पटकन कळेल. कॉलऱ्याच्या वेळचाच तो प्रश्न, फक्त आता साखरेविषयी.

१९०९ साली मेचनिकॉफ यास्नाया पोल्यानाला टॉलस्टॉयना भेटायला गेले. एक आयुष्य वाढवायला निघालेला, दुसरा आयुष्य कसे जगावे एवढेच विचारणारा. मने काही जुळली नाहीत. पुढे महायुद्ध आले. प्रयोगशाळेतले तरुण आघाडीवर गेले, प्रयोगशाळा ओस पडली, आणि हृदयविकाराने ते खचत गेले. आपल्या दुखण्याची टिपणे ते स्वतःच ठेवीत. आपण शंभरी गाठली नाही, तर लोक सिद्धान्ताला हसतील, ही काळजी त्यांना होती. आपल्या घराण्यात सगळे लवकर गेले आणि आपण हा आहार पन्नाशी उलटल्यावर सुरू केला, हे ते आठवणीने सांगत. शेवटच्या दिवशी डॉक्टर मित्र सालिम्बेनी यांना त्यांनी सांगून ठेवले की, शवविच्छेदन तुम्हीच करा आणि आतडी नीट तपासा. १५ जुलै १९१६ रोजी, ७१ व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या रक्षेचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात पुस्तकांमध्ये ठेवलेला आहे.

प्रयोगशाळा पुढे बेस्रेदका यांनी चालवली. मिन्स्कहून आलेले आणखी एक ज्यू शिष्य, युजीन वोलमन, यांनी गुरूंच्या हाताखाली माशा जंतूंशिवाय वाढवल्या होत्या. ते पत्नी एलिझाबेथ हिच्याबरोबर त्याच संस्थेत जंतूंवर काम करीत राहिले. डिसेंबर १९४३ मध्ये नाझींनी त्या दोघांना ऑशवित्झला पाठवले. ती परतली नाहीत. त्यांचा मुलगा युद्धानंतर त्याच संस्थेत जंतुशास्त्रज्ञ झाला, मोठा नावाजला आणि २००८ साली वारला. त्याचे नाव एली.